सूट गं बाई एकदाची

स्वतःचा आवाज त्याने आधी ओळखलाच नाही. वडिलांचा वाटला. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि गोठ्याच्या खिडकीतून त्यांनी बोलावं असं काही कारण नव्हतं, तरी माळ्याचा हात कात्रीवर जागच्या जागी थांबला. कुंपण अर्धं कापून झालं होतं. कापलेली पानं चपलांवर पडली होती आणि मानेवरून घामाचा एक ओघळ हळूहळू पाठीत उतरत होता, तो त्याला एकदम स्पष्ट जाणवला. खिडकीतून पुन्हा तेच आलं. एक खाकरणं. ओली माती फावड्यावरून घसरल्यासारखं काहीतरी. मग धापा टाकणारा एक म्हातारा म्हणाला, "सूट गं बाई एकदाची." मग काहीच नाही. मग बटण दाबल्याचा आवाज, आणि पुन्हा खाकरणं, पुन्हा माती, पुन्हा तो म्हातारा. तिसऱ्या खेपेला त्याला खाकरणं ओळखू आलं. थंडी संपली तरी जे त्याच्या घशात ठाण मांडून बसलं होतं आणि ज्यासाठी मुलगी येताना दर वेळी गोळ्या आणायची, तेच ते. म्हातारा तोच होता. त्याने कात्री मिटली, आवाज होऊ नये म्हणून अगदी सावकाश, आणि आपणच वाढवलेल्या कुंपणामागे चोरासारखा वाकून उभा राहिला.

गोठ्यात आता गाई नव्हत्या. पूर्वी इथे दुधाचा मोठा धंदा होता. तो बसला, मालक गेले, आणि मागे राहिलेल्यांनी शेतांच्या मधोमध असलेली ही सगळी मिळकत कलावंतांसाठी सोडून दिली. आता एकेका ऋतूपुरते लोक येत. त्यांना राहायला खोली, काम करायला गोठ्यातला एकेक गाळा आणि दोन वेळचं जेवण मिळे. जाण्याआधी एका रविवारी दारं उघडून आपण काय केलं ते आसपासच्या लोकांना दाखवायचं, एवढीच अट. माळ्याने तऱ्हेतऱ्हेचे पाहिले होते. एकाने मुक्कामभर फक्त खताचा ढीग रंगवला, आणि चित्र खरोखर चांगलं उतरलं होतं; ढिगाला आतून ऊब असते हे त्यात दिसत होतं. सध्या एक कवी होता, तो सकाळी हिरवळीवर अनवाणी चालायचा आणि काटा रुतला की लंगडत माळ्याकडे यायचा. आणि ही बाई. तिचं नाव जिभेवर बसेना म्हणून आचाऱ्याने तिला आवाजवाली म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. ती आवाज गोळा करायची. पहिल्या दिवशी काठीच्या टोकाला माइकचं केसाळ बोंडूक लावून ती बागेतून आली तेव्हा माळ्याला वाटलं, बाईंना मेलेली खार सापडली. तो पुरायला फावडं घेऊन धावला. त्यावर दोघंही पुष्कळ हसली होती. मग तिने विचारलं होतं, "दादा, बागेत झाडांमधून यंत्रं ठेवते. दिवसभर चालू राहतील. तुम्हाला अडचण नाही ना?" "मला कसली अडचण? पाखरं भरपूर आहेत," तो म्हणाला होता. बागेतल्या आवाजांत आपणही मोडतो हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

ते वाक्य आपण कधी म्हटलं हे त्याला नेमकं आठवत होतं, आणि तेच वाईट होतं. बोगनवेलीचा दिवस. पडवीलगतची जुनी बोगनवेल वरून वाळून गेली होती, पण खाली मुळ्या जिवंत होत्या आणि पाण्याच्या पाइपात शिरल्या होत्या. व्यवस्थापकबाईंनी सगळं खणून काढायला सांगितलं होतं. त्या सकाळी घरी बायकोचं अंथरूण ओलं झालं होतं. हल्ली तसं क्वचितच व्हायचं, म्हणून त्या दिवशी दोघांनाही ते जास्त लागलं. तिला उचलून खुर्चीत बसवून, कपडे बदलून तो चादर धुवायला घेत होता तेव्हा ती काहीतरी सांगायला लागली. शब्द तोंडाशी येऊन अडकला. तो साबणाचे हात तसेच धरून उभा राहिला. शब्द येईना. तिच्या चेहऱ्याची चांगली बाजू लाल झाली, दुसरी तशीच, कोणा दुसऱ्याच बाईची असावी तशी. शेवटी तो म्हणाला, "असू दे," आणि तिने तोंड भिंतीकडे वळवलं. चहा न घेताच तो कामावर आला. पहारीने माती मोकळी केली, आडव्या मुळ्या तोडल्या, आणि मनगटाएवढी एक मुळी राहिली ती हलेना. पाय रोवून, दोन्ही हातांनी धरून, अंगातलं सगळं बळ लावून तो तिला ओढत होता, आणि तेव्हा ते वाक्य आलं. मग मुळी आली. तो पाठीवर पडला. चिखलात थोडा वेळ तसाच बसला. इथवर सगळं ठीक होतं. पण त्या वेळी त्याचे डोळे भरून आले होते हेही त्याला आठवत होतं, आणि मुळीसाठी कोणाचे डोळे भरून येत नाहीत.

सुटणं. कुंपणामागे उभा राहून तो तो शब्द तोंडातल्या तोंडात घोळवत राहिला. गाठ सुटते, गाडी सुटते, माणूस सुटतं. सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळून गेल्या तेव्हा बायकोच फोनवर बहिणीला म्हणाली होती, "सुटली गं आई." रडत म्हणाली होती, पण रडण्याच्या तळाशी जो सुस्कारा होता तो त्याने ऐकला होता. सगळे तसंच म्हणतात. मेल्यावर म्हणतात. आधी म्हणत नाहीत. आधी फक्त मनात येतं, आणि मनात काय काय येतं त्याचा हिशोब कोणी मागत नाही, कारण मनाला आवाज नसतो. आता आवाज होता. खिडकीतून येत होता, आणि कोणीतरी परकी बाई तो पुन्हा पुन्हा लावून ऐकत होती.

बायकोला त्याने पाहण्याआधी ऐकलं होतं. तेव्हा तो शहरातल्या बस स्थानकाला लागून असलेल्या सार्वजनिक बागेत कामाला होता, आणि ती स्थानकाच्या कर्ण्यावरून गाड्या पुकारायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कोणाचं मूल हरवलंय. आवाज भरदार, घाई नसलेला. गाडी चुकली तरी जग बुडत नाही असं वाटायला लावणारा. खुरपणी करता करता त्याला तिची सर्दी कळायची, तिचा वैताग कळायचा. एकदा आठवडाभर दुसराच आवाज आला. तेव्हा हातची माती झटकून तो चौकशीच्या खिडकीशी गेला आणि म्हणाला, "त्या नेहमीच्या बाई आजारी आहेत का?" त्याच्या आयुष्यातलं हे एकमेव धाडस. संसारातही तसंच चाललं. ती दिवसभर शहराशी बोलायची आणि घरी येऊन पुन्हा बोलायची: चालक, वाहक, रुसून बसलेले प्रवासी, डबा विसरून गेलेला साहेब. तो ऐकायचा. "तुमच्या तोंडात दात आहेत की कुलूप?" ती विचारायची, आणि तो हसायचा. त्याच्या न बोलण्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तिला माणूस हवं होतं, आणि ऐकणारं माणूस मिळालं होतं. मग एका संध्याकाळी स्वयंपाकघरात ती कोणा चालकाची गंमत सांगत होती आणि तो खाली बघून मटार सोलत होता. "आणि मग तो मला म्हणतो," ती म्हणाली, आणि थांबली. चालक काय म्हणाला ते ऐकायला हाही थांबला. ती रंगवून सांगायची, मध्येच थांबायची. तसंच असेल असं वाटलं. त्याने आणखी एक-दोन शेंगा सोलल्या. मग वर पाहिलं, तर तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. त्या एक-दोन शेंगांनी काही फरक पडला नसता असं डॉक्टर म्हणाले होते. डॉक्टर चांगले होते.

तिची वाचा हळूहळू परत आली, पण भिजलेल्या सामानातून हाताला लागेल ते उचलून आणावं तशी. पुष्कळ काही आलंच नाही. जन्मभराचं 'अहो' गळून पडलं. ती त्याला 'तू' म्हणू लागली. मुलीला हसू आलं होतं, त्यालाही आधी कसंतरी वाटलं, मग आवडायला लागलं. तिसऱ्या मजल्यावरचं शहरातलं घर जिन्यामुळे सोडावं लागलं. इथे माळी हवा होता आणि माळ्याला तळमजल्यावर दोन खोल्या होत्या, म्हणून ते इथे आले. आणि घर गप्प झालं. बोलणारं माणूस गप्प झालं की ऐकणाऱ्याने बोलायचं असतं, एवढं त्यालाही कळत होतं. पण संध्याकाळी दार ढकलून आत गेलं की तिचं वाट बघणारं तोंड समोर यायचं आणि त्याची जीभ टाळूला चिकटायची. आपण बोललो तर ती उत्तर द्यायला जाईल. उत्तर देताना अडकेल. अडकलेली ती पुन्हा बघायला लागेल. त्यापेक्षा तो भाजी चिरायचा, तिची बोटं चोळून द्यायचा, रेडिओ लावायचा. आणि दुसऱ्या दिवशी बागेत त्याचं तोंड आपोआप सुटायचं. गोगलगायीला म्हणायचा, "काय रावसाहेब, भरलं का पोट?" गुलाबाला म्हणायचा, "फार नखरे नकोत." कधी सुरू झालं ते त्याला ठाऊक नव्हतं. एकटा माणूस, चार झाडांशी बोलतो, त्यात काय? आणखी काय काय बोललो असू, हा प्रश्न त्याला त्या खिडकीखाली पहिल्यांदा पडला, आणि मग सुटेना.

त्या दिवसापासून तो बागेत मुका झाला. ते सोपं नव्हतं. शब्द ओठांपर्यंत येत आणि तो दात आवळून धरे. संध्याकाळी जबडा दुखायचा. यंत्रं कुठे आहेत ते तो शोधू लागला. एक अंजिराच्या बेचक्यात, एक कुंपणात, एक पाण्याच्या टाकीखाली. राखाडी रंगाच्या लहानशा डब्या, त्यांच्यावर बारीकसा लाल दिवा. ज्या झाडांना तो पोटच्या पोरासारखं वागवत होता त्यांनीच आपल्यावर पाळत ठेवावी तसं झालं. अंजिराखालून जाताना तो पाऊलही जपून टाकू लागला, आणि मग अशा जपून टाकलेल्या पावलांचाही आवाज तिथे जात असेल हे ध्यानात येऊन त्याच्या अंगावर काटा आला. एका सकाळी हिरवळीला पाणी देताना त्याने फवाऱ्याची नळी सहज वळवल्यासारखी वळवली. पाणी कुंपणावर पडलं, पानांतून आत झिरपलं, लाल दिवा एकदा फडफडला आणि विझला. त्याला सूड घेतल्याचं समाधान वाटायला हवं होतं. वाटलं ते एवढंच की आपण एका निर्जीव डबीला बुडवून मारलं. दुपारी व्यवस्थापकबाई म्हणाल्या, "त्यांचं एक यंत्र भिजलं म्हणे," आणि मागे उभी असलेली आवाजवाली लगेच म्हणाली, "चूक माझीच. पाणी कधी सोडतात ते मी विचारायला हवं होतं." तिने आरडाओरड केली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सगळे पडलेले असताना तो तिच्या गाळ्याच्या दाराशी जाऊन उभा राहिला. चपला बाहेर काढल्या. आत भिंतींना जुन्या गोधड्या टांगल्या होत्या, घुमू नये म्हणून. गाईंच्या काळातला वास अजून फरशीत होता. "या ना दादा," ती म्हणाली. "मीच येणार होते तुमच्याकडे."

"माझं काय काय आहे तुमच्याकडे?" त्याने विचारलं. विचारायचं ठरवलं होतं ते दुसरंच होतं, नम्र काहीतरी.

ती दचकली नाही. तिने त्याला स्टुलावर बसवलं आणि कानांवर ऐकायचं एक जाड यंत्र चढवलं. "हे सगळं तुमच्यावरच उभं आहे," ती म्हणाली. "पाखरं पुष्कळांनी केलीत. तुम्हाला आवडत नसेल तर सांगा. आधीच विचारायला हवं होतं. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे." आणि मग बाग त्याच्या डोक्याच्या आत सुरू झाली. कात्री. फावडं. पाणी. गोगलगायीशी बोलणारा तो वेडा म्हातारा. मग खाकरणं, माती, आणि ते. त्याने डोळे मिटले. त्याला पुरावा हवा होता. 'सूट' म्हणताना मुळी हलल्याचं ऐकू आलं तर ते मुळीला होतं. तो पुन्हा लावायला सांगत राहिला आणि ती लावत राहिली. आवाजावरून काही कळत नव्हतं. आवाजाला तोंड होतं, नजर नव्हती. बोलणारा बघत कुठे होता ते त्यात नव्हतं. त्याने कानांवरचं काढून ठेवलं. पुढचं ऐकायची हिंमत नव्हती.

"हे मूळ उपटतानाचं आहे ना?" ती म्हणाली. "त्या क्षणी जे सुटतं ना, ते मी दिवसभर ऐकत बसेन."

"हे काढता येईल?"

"येईल. तुमचा आवाज आहे. तुम्ही नको म्हणालात तर नको." तिचा हात बटणाकडे गेला. "का पण?"

का. कारण दिलं की ते खरं ठरणार होतं. आणि नुसतं काढायला लावलं, तरी कबूल केल्यासारखंच होतं. पायाखालची फरशी गार लागत होती. "राहू दे," तो म्हणाला. "मुळीलाच म्हणत होतो मी."

"हो, कळतंय की," ती म्हणाली. तिने विचारलंच नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देऊन बसल्याचं त्याच्या ध्यानात आलं आणि ते झाकायला तो घाईने म्हणाला, "ते पाणी मी सोडलं होतं. यंत्रावर."

"माहीत आहे," आवाजवाली म्हणाली. "त्याच्यातलं शेवटचं तुमचं खाकरणंच आहे." आणि ती हसली. हसण्यात खोट नव्हती, म्हणून त्याला तिथे अजिबात बसवेना.

आता एकच वाट उरली होती. बायकोने दारं उघडायच्या रविवारी यायचं नाही. पण व्यवस्थापकबाई स्वतः येऊन तिला आमंत्रण देऊन गेल्या होत्या, आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच ती कशासाठी तरी तयारी करत होती. मुलीला फोनवर तिने ठेवणीतले निळे कपडे आणायला सांगितले, एकेक शब्द उचलून मांडत, मुलगी पलीकडे धीर धरून ऐकत. तो म्हणाला, गर्दी असेल. ती म्हणाली, "असू दे." तो म्हणाला, तुला त्यात काही कळायचं नाही, कायकाय आवाज असतात नुसते. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. जन्मभर आवाजावर पोट भरलेल्या बाईला तो हे सांगत होता. मग तो म्हणाला, वाट सगळी खडीची आहे, खुर्चीची चाकं रुततील. ती बराच वेळ शब्द जुळवत राहिली. "तू," ती म्हणाली, "माळी... आहेस. वाट... कर." त्याने वाट केली. घरापासून गोठ्यापर्यंत खडी सारखी केली, माती टाकली, पाणी मारलं, धुम्मसाने ठोकून काढली. ठोकताना प्रत्येक घावाला त्याला वाटत होतं, आपण आपल्याच हाताने हे सगळं त्या दारापर्यंत नेऊन पोचवतोय. तरी काम वाईट करणं त्याला जमेना. वाट गुळगुळीत झाली.

रविवारी मुलगी आली, आईला निळे कपडे घातले, केस विंचरले, आणि खुर्ची ढकलत निघाली. तो बाजूने चालत होता, तिच्या चांगल्या बाजूने. आवाजवालीच्या गाळ्यात पडदे ओढले होते. खुर्च्या गोल मांडल्या होत्या आणि आवाज भिंतींमधून येत होता. आचारी होता, कवी होता, शेजारच्या शेतांतली माणसं होती. आधी पाणी आलं, मग पाखरं, मग कात्री. गोगलगायीचं आलं तेव्हा लोक हसले, आचाऱ्याने वळून त्याच्याकडे पाहिलं, मुलगीही "बाबा!" म्हणाली, हळूच. बायको हसली नाही. तिने मान थोडी वर केली. कर्ण्यावर कोणी नवखा बोलायला लागला की ती पूर्वी अशीच मान उचलून ऐकायची. तो तिच्या चेहऱ्यावरून नजर काढेना. खाकरणं आलं. माती आली. "सूट गं बाई एकदाची." तिच्या चेहऱ्यावर काही झालं नाही. खुर्चीच्या हातावरचं चांगल्या हाताचं एक बोट उचललं गेलं आणि तसंच राहिलं. मुळी सुटली, कोणीतरी धप्पकन पडलं, लोकांत पुन्हा हशा झाला. आणि त्याचा श्वास मोकळा होतोय तोवर पुढचं सुरू झालं, जे त्याने ऐकलंच नव्हतं.

"अगं, ऐकलंस का? त्या कवीच्या पायात आज पुन्हा काटा." मग वारा. "अगं, ऐकलंस का? अंजिराला पालवी आली, तू म्हणाली होतीस तशीच." मग पाऊस, पानांवर, बारीक. "ऐकलंस का, आज आचाऱ्याने मीठच घातलं नाही, कोणी बोलेना, सगळे भल्या घरचे." वेगवेगळ्या दिवसांतलं, वेगवेगळ्या हवेतलं, एकामागून एक. तोच आवाज, पण खाकरणं नाही, धाप नाही. एखाद्याने कामावरून येऊन, पाय धुऊन, समोर बसून दिवस सांगावा तसा. इतकं आपण बोललो? लोक आता हसत नव्हते. कोणाशी बोलतोय हे त्यांना कळत नसावं, पण कोणीतरी आहे हे कळत होतं. "अगं, ऐकलंस का..." बायकोचा चांगला डोळा भरला होता आणि दुसरा, जो नीट मिटत नसे, तो आधीच वाहत होता. तिने खुर्चीच्या हातावर थाप मारली. "मला," ती मोठ्याने म्हणाली, "बाहेर."

बाहेर ऊन कलत होतं. मुलीला वाटलं, आई दमली. तो म्हणाला, तू थांब, चहा घे, मी नेतो हिला. ठोकून काढलेल्या वाटेवरून खुर्ची मुळीच आवाज न करता चालली होती. तो मागे होता, तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता, फक्त विंचरलेले केस आणि मानेचा मागचा भाग.

"किती," ती म्हणाली. "किती... बोलतोस."

त्याने वाटेतला एक खडा पायाने बाजूला सारला.

"मी... घरी. वाट बघते. तू... येतोस. रेडिओ... लावतोस." प्रत्येक शब्दाला ती श्वास घेत होती. "तिथे... झाडांना... सगळं."

"तुलाच सांगत होतो ते."

"मला... नाही आलं... ऐकू."

वाटेच्या कडेला त्याने आठवड्यापूर्वी लावलेली रोपं अजून मान टाकून होती. तो त्यांच्याकडे बघत चालला. ज्या वाक्याला तो इतके दिवस भीत होता ते राहिलं बाजूला, आणि वार दुसरीकडूनच झाला होता. त्याला वाटलं, आता ते निघणारही नाही. पण थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "ते... सूट. कोणाला?"

"मुळीला."

"मुळीला... बाई?"

"सगळ्यांनाच म्हणतो मी. अगं बाई, जा बाई. सवय आहे."

"मला... नाही म्हणत," ती म्हणाली. "मला... काहीच... नाही म्हणत."

इथे थांबता आलं असतं. तिने पुढे विचारलं नव्हतं. वाट मोकळी होती, घर दिसत होतं. तो खुर्ची ढकलत राहिला आणि त्याला जाणवलं की आत गेल्यावर आपण दिवा लावू, मग रेडिओ लावू, आणि मग कधीच बोलणार नाही. "खरं सांगू?" तो म्हणाला. आवाज म्हाताऱ्यासारखा निघाला. "मला माहीत नाही कोणाला म्हणालो. मुळी हातात होती. तू डोक्यात होतीस."

तिने चांगला हात चाकावर ठेवला. एक चाक अडलं, दुसरं फिरलं, खुर्ची वाटेवरच तिरकी झाली आणि तिचं तोंड शेताकडे झालं. तो समोर गेला नाही. समोर जाऊन तिचा चेहरा बघायचा हक्क या वेळी आपल्याला नाही असं त्याला वाटलं. दांडीवरचे हात काढायचंही सुचेना. शेतात कोणीतरी यंत्र चालवत होतं, ते दूर जाऊन परत आलं, पुन्हा दूर गेलं. तिचे खांदे हलत होते की तो श्वास होता ते मागून कळेना.

"राग," ती म्हणाली, "आला मला."

"हो."

"अजून... आहे."

"असू दे."

"असू दे... नको म्हणूस," ती म्हणाली. इतकं सलग ती कित्येक दिवसांत बोलली नव्हती. मग तिने चाकावरचा हात काढला. त्याने खुर्ची सरळ केली, पण ती म्हणाली, "थांब. इथेच. सांग."

"काय?"

"आजचं. सगळं. पहिल्या... पासून."

"तू होतीस की तिथे."

"तरी सांग."

त्याने तोंड उघडलं. झाडांसमोर जे धो धो यायचं त्यातला एक शब्द येईना. घसा खाकरला, दांडीवरची पकड बदलली, वर पाहिलं, खाली पाहिलं. "अगं," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द शोधत राहिला. ती मागे न वळता बसून होती. तिने त्याला सुचवलं नाही, सोडवलं नाही. तो अडकला होता, आणि ती वाट बघत होती.